स्थानिक निसर्गक्षेत्रांची राखण आणि कृतिशील शिक्षण : जुईनगर व ठाणे खाडी परिसराच्या संदर्भात

सारांश

पर्यावरण हा विषय आज शालेय व महाविद्यालयीन अभ्यासक्रमात अनिवार्य आहे. तथापि आपल्या वस्तीलगतच्या नाल्याचे, डोंगराचे किंवा खाडीचे जतन प्रत्यक्ष कसे करावे, हे शिकण्याची संधी विद्यार्थ्यांना क्वचितच मिळते. प्रस्तुत लेखात नवी मुंबईतील जुईनगर व त्यालगतच्या ठाणे खाडीच्या कांदळवन परिसराच्या आधारे कृतिशील निसर्गसंवर्धन शिक्षणाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. खारजमिनीवरील पारंपरिक व्यवस्था, न्यायालयीन आदेशांनी निर्माण झालेली चौकट, भरती-ओहोटीचे ज्ञान, कांदळ रोपणातील चुका आणि शहरातील धारण तलावांचा पेच यांचा परामर्श घेऊन काही शिफारशी मांडल्या आहेत. वृक्षारोपणाच्या एकदिवसीय कार्यक्रमापेक्षा दीर्घकाळची नोंद, निगा आणि पाठपुरावा हाच अशा शिक्षणाचा गाभा होय, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : कृतिशील शिक्षण, राखण, कांदळवन, ठाणे खाडी, धारण तलाव, लोकसहभाग, राष्ट्रीय सेवा योजना.

१. प्रस्तावना

निसर्ग म्हणजे शहराबाहेर, सहलीला जाऊन पाहण्याची गोष्ट, अशी एक समजूत नागरी समाजात रूढ झालेली दिसते. नवी मुंबईसारख्या नियोजित शहरात तर ही समजूत अधिकच घट्ट आहे. वास्तविक या शहराचा पायाच निसर्गाच्या एका नाजूक पट्ट्यावर उभा आहे. पूर्वेस पारसिकची डोंगररांग, पश्चिमेस ठाणे खाडी आणि मधल्या सखल भागात शहर, अशी येथील रचना आहे. हार्बर मार्गावर सानपाडा व नेरूळ या स्थानकांच्या दरम्यान वसलेले जुईनगर याच मधल्या पट्ट्यात येते. येथील रहिवासी रोज लोकलने खाडीपूल ओलांडून मुंबईस जातो. परंतु पुलाखालचे पाणी कोणत्या वेळी चढते व केव्हा उतरते, काठावरच्या झाडांना काय म्हणतात आणि आपल्या इमारतीसमोरचा नाला शेवटी कोठे जातो, हे त्याला बहुधा ठाऊक नसते.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईतील सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पाणी जाण्याच्या वाटा, खाजणे आणि कांदळवने यांचे महत्त्व सामान्य माणसाच्या चर्चेत आले, ते या घटनेनंतर. तेव्हापासून संवर्धनाविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले. मात्र बोलणे आणि करणे यांतील अंतर अद्याप मिटलेले नाही. हे अंतर शिक्षणाच्या मार्गाने कसे कमी करता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. लेखाची उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) स्थानिक निसर्गक्षेत्राच्या राखणीची संकल्पना स्पष्ट करणे.
२) जुईनगर परिसराच्या नैसर्गिक व ऐतिहासिक पार्श्वभूमीचा आढावा घेणे.
३) खाडीकाठी प्रत्यक्ष कृतीतून कोणती कौशल्ये शिकता येतात, हे सांगणे.
४) अशा शिक्षणातील अडचणी ओळखून उपाय सुचविणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, न्यायालयीन निर्णय व अभ्यासक्रम यांच्या जोडीस विद्यार्थ्यांसमवेत केलेल्या प्रत्यक्ष निरीक्षणाचाही आधार घेतला आहे.

३. 'राखण' ही संकल्पना

निसर्गसंवर्धनाच्या शिक्षणाचे तीन स्तर मानता येतील. पहिला स्तर माहितीचा. कांदळवन म्हणजे काय, त्याचे उपयोग कोणते, हे विद्यार्थी पुस्तकातून शिकतो. दुसरा स्तर जाणिवेचा. व्याख्याने, फेऱ्या, भित्तिपत्रके यांमधून त्याला विषयाचे गांभीर्य पटते. तिसरा स्तर कृतीचा. एका ठरावीक जागेशी तो नाते जोडतो, तिच्यातील बदल ओळखतो आणि तिच्यासाठी काही नियमितपणे करतो. आपले बहुतेक उपक्रम दुसऱ्या स्तरावर येऊन थांबतात.

तिसऱ्या स्तरासाठी मराठीत 'राखण' हा अर्थपूर्ण शब्द आहे. शेताची राखण, आंब्याची राखण, गावाचा राखणदार हे प्रयोग कोकणात सर्वपरिचित आहेत. राखण करणारा मालक असेलच असे नाही. परंतु तो जागेवर हजर असतो आणि काय बिघडले ते त्याला सर्वांआधी कळते. देवराया शतकानुशतके टिकल्या त्या श्रद्धेमुळे, हे खरेच. पण त्या श्रद्धेच्या जोडीला गावाची सततची नजरही होती. उपस्थिती, ओळख आणि उत्तरदायित्व हे राखणीचे तीन घटक होत. वर्षातून एकदा पर्यावरणदिनी येणाऱ्या स्वयंसेवकाकडे यांपैकी पहिलाच घटक नसतो, आणि त्यामुळे उरलेले दोनही निर्माण होत नाहीत.

४. जुईनगर परिसर : पार्श्वभूमी

शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ अर्थात सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. नवी मुंबई प्रकल्पासाठी तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन घेण्यात आली. यांत भातशेती, मिठागरे आणि खारजमिनींचा मोठा वाटा होता. १९९२ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून वाशीपर्यंत आली आणि त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. त्यानंतर जुईनगरसारख्या उपनगरांची वाढ झपाट्याने झाली. आगरी व कोळी समाजाची मूळ गावे नव्या सेक्टरांच्या कुशीत राहिली. त्यांची शेती व खाजणे मात्र गेली.

पारसिक डोंगरावर पडणारा पाऊस नाल्यांवाटे औद्योगिक पट्टा व वस्ती पार करून खाडीस मिळतो. पाम बीच मार्गाच्या पश्चिमेस दिसणारे कांदळवन हे या सर्व प्रवाहांचे शेवटचे टोक आहे. डोंगरात काय होते, कारखान्यांतून काय सोडले जाते आणि घरातून काय फेकले जाते, याचा हिशेब तेथे जमा होतो. म्हणून खाडीकाठ हा संपूर्ण शहराच्या पर्यावरणाचा अभ्यास करण्याचा सर्वांत योग्य वर्ग आहे.

ठाणे खाडीची लांबी सुमारे २६ किलोमीटर आहे. ऐरोली व वाशी पुलांदरम्यानचे १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' म्हणून घोषित झाले. त्यापैकी ८९६ हेक्टर कांदळवन व ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीस आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. येथे येणाऱ्या रोहित पक्ष्यांची, म्हणजेच फ्लेमिंगोंची, संख्या २०१९ मधील गणनेत एक लाखाहून अधिक आढळली होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. भरतीच्या वेळी खाडीतील चिखलपट्टे पाण्याखाली जातात. तेव्हा पक्ष्यांना विसाव्यासाठी जवळच्या उथळ पाणथळ जागा लागतात. नेरूळ परिसरातील अशा काही जागा अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. अर्थात, नकाशावर अभयारण्य सुरक्षित असले आणि ही विसाव्याची ठिकाणे भराव टाकून बुजली, तर अभयारण्याचे संरक्षणही अपुरे ठरते. जुईनगरच्या दक्षिणेस अगदी जवळ असलेला हा प्रश्न आहे. कागदावरच्या सीमारेषेपलीकडे पाहणारा स्थानिक नागरिक का आवश्यक आहे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

५. परंपरेतील कृतिशिक्षण : बाहेरकाठा आणि उघाडी

खाडीकाठची राखण ही नवी कल्पना नाही. ठाणे-रायगड किनाऱ्यावर समुद्राचे खारे पाणी अडवून भातशेती करण्याची जुनी पद्धत होती. खाडीच्या बाजूने मातीचा भक्कम बांध घालीत. त्यास बाहेरकाठा म्हणत. या बांधात ठिकठिकाणी पाण्याच्या ये-जा करण्यासाठी झडपेची व्यवस्था असे, ती उघाडी. ओहोटीला शेतातील पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर जाई आणि भरतीचे पाणी आत येऊ लागले की ती मिटे. बांधाला भगदाड, ज्यास खांड म्हणत, पडले की एका शेतकऱ्याचे नव्हे, सर्वांचेच पीक बुडे. त्यामुळे बांधाची डागडुजी हे सामुदायिक कर्तव्य होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या खारजमीन कायद्याने व पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने या कामात शासनाचा सहभाग वाढला आणि बांधांची जबाबदारी हळूहळू गावाकडून खात्याकडे गेली.

या व्यवस्थेत मुले काय शिकत? उधाण केव्हा येणार, बांधातील खेकड्याचे बीळ केव्हा धोक्याचे ठरते, उघाडीत गाळ साचला तर काय करावे, हे ज्ञान ती वडीलधाऱ्यांच्या मागे चिखलात उतरून मिळवीत. परीक्षा बाहेरची नव्हती. पीक वाचले की उत्तीर्ण. सदर परंपरेचे उदात्तीकरण करण्याचा येथे हेतू नाही. ही शेती कष्टाची होती, आणि बांध घालण्यासाठी कांदळवनही तोडले जात असे. परंतु पाण्याची व माणसाची परस्परांशी असलेली ओळख त्या पद्धतीत होती. नागरीकरणाने ती ओळख तोडली. तिच्या जागी पर्यायी शिक्षण मात्र उभे केले नाही.

६. कायदा व अभ्यासक्रमाची चौकट

सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरासाठी सहा महिन्यांचा गाभा अभ्यासक्रम तयार केला. त्याच्या ५० तासिकांपैकी ५ तासिका क्षेत्रकार्यासाठी होत्या. स्थानिक नदी, वन, गवताळ प्रदेश किंवा डोंगर यांची नोंद करणे, प्रदूषित स्थळास भेट देणे, परिचित वनस्पती, कीटक व पक्षी यांचा अभ्यास करणे आणि साध्या परिसंस्थेचे निरीक्षण करणे, असे त्याचे स्वरूप होते. योजना उत्तम होती. परंतु मोठ्या वर्गसंख्येमुळे व वेळेच्या अभावी अनेक ठिकाणी क्षेत्रकार्य म्हणजे एखादा प्रकल्प उतरवून काढणे, असा अर्थ झाला. २०२३ मध्ये आयोगाने चार श्रेयांकांचा नवा आराखडा दिला असून त्याने या त्रुटी दूर करण्याची पुन्हा एक संधी उपलब्ध झाली आहे.

दुसरी चौकट राष्ट्रीय सेवा योजनेची. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने दरवर्षी १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करणे व सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घेणे अपेक्षित असते. एकाच खाडीपट्ट्याची दोन वर्षे राखण करण्यास २४० तास पुरेसे आहेत. प्रश्न तासांचा नाही, ते तास दहा विषयांत विखुरले जातात हा आहे.

तिसरी चौकट संरक्षणाची. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशाने राज्यातील कांदळवनाच्या तोडीस, त्यात राडारोडा टाकण्यास आणि कांदळवनापासून ५० मीटरच्या आत बांधकाम करण्यास मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निर्णयात कांदळवनाचा नाश हा घटनेच्या अनुच्छेद २१ नुसार मिळणाऱ्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि तक्रार निवारणाची यंत्रणा उभारण्याचे निर्देश दिले. राज्याच्या वनविभागात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष कार्यरत असून ऐरोली येथे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. म्हणजे कायदा आहे, यंत्रणा आहे आणि शिकण्याचे केंद्रही जुईनगरपासून फार दूर नाही. उणीव आहे ती रोजच्या नजरेची.

७. खाडीकाठी प्रत्यक्ष काय शिकावे?

७.१ पाण्याचे वेळापत्रक : खाडीतील कोणत्याही कामाची सुरुवात भरती-ओहोटीच्या ज्ञानाने व्हावयास हवी. दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास पाणी अधिक चढते व अधिक उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी असतो, तो भांग. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढण्याचा परिपाठ आहे. उदाहरणार्थ, चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास. याच हिशेबाने द्वितीया-तृतीयेस भरती दुपारी दीड ते सव्वादोनच्या दरम्यान आणि ओहोटी सकाळी साडेसात-आठच्या सुमारास येते. उधाणाचे दिवस असल्याने तेव्हा पाणी दूरवर ओसरते व सकाळचे दोन-तीन तास कामास मिळतात. खाडीच्या आतल्या भागात ही वेळ थोडी उशिरा येते. सुरक्षिततेसाठी अधिकृत भरतीतक्ता पाहणे आवश्यकच आहे; परंतु पंचांग आणि तक्ता शेजारी ठेवून विद्यार्थ्यांनी महिनाभर पडताळा घेतला, तर खगोल, गणित व लोकज्ञान यांचा मेळ त्यांना एकाच वेळी कळतो.

७.२ ओळख : ठाणे खाडीत तिवर ही जाती प्रमुख आहे. प्रदूषण व क्षारता सोसण्याची तिची क्षमता मोठी आहे. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली तिची श्वसनमुळे, पानावर जमणारे मिठाचे कण यांवरून ती चटकन ओळखता येते. प्राणवायूचा अभाव असलेल्या काळ्या चिखलात मुळांना श्वास घेण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. याशिवाय कांदळ, पांढरी चिप्पी, काजळा, मारांडी या वनस्पतींचा परिचय करून घेता येतो. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी आणि बोई ही काठावरच्या गावांची अन्नसाखळीही आहे. त्यामुळे झाडे वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने व जीव कोळी-आगरी जाणकाराने शिकवावेत, ही विभागणी अधिक फलदायी ठरते.

७.३ स्वच्छता : प्लास्टिक व कापड श्वसनमुळांवर बसले की त्यांचा वायुविनिमय थांबतो, म्हणून कचरा काढणे ही केवळ सौंदर्याची बाब नाही. मात्र यात शिस्त हवी. गमबूट व जाड हातमोजे अनिवार्य असावेत. मुळे तुडवली जाणार नाहीत अशा ठरलेल्या वाटेनेच जावे. काच व वैद्यकीय कचरा विद्यार्थ्यांनी उचलू नये. काढलेला कचरा प्रकारवार वेगळा करून वजनासह नोंदवावा. एकाच जागी पाच-सहा महिने नोंद ठेवली, तर कचरा भरतीबरोबर आला की नाल्यातून आला, की काठावरून फेकला गेला, याचा उलगडा होऊ लागतो. स्वच्छता मोहिमेचे खरे फलित गोण्यांच्या संख्येत नसून या उलगड्यात आहे. नाल्याचे तोंड अडविल्याशिवाय खाडी स्वच्छ राहत नाही, हे विद्यार्थी स्वतःच्या आकड्यांवरून शिकतो.

७.४ रोपण : कांदळ लावणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने होणारा उपक्रम आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांसमवेत रीतसर परवानगीने अशा एका उपक्रमात सहभागी झालो होतो. ओहोटीच्या वेळी समोर मोकळा चिखल दिसला, तेथे उत्साहाने रोपे लावली. छायाचित्रे सुंदर आली. पुढील उधाणानंतर पाहावयास गेलो तेव्हा बहुतेक रोपे आडवी झाली होती आणि उरलेल्यांवर शेवाळ चढले होते. तेथे जाळे टाकणाऱ्या एका वयस्क मच्छीमार काकांनी सांगितले की, या जागी पाणी फार वेळ उभे राहते; झाड येण्यासारखी ती जागा असती तर ते आपोआपच आले असते. वर्गात न सुचलेली गोष्ट त्यांच्या एका वाक्याने समजली.

त्यांचे म्हणणे शास्त्रास धरूनच होते. कांदळ साधारणतः समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर, भरतीचे पाणी येऊन परत जाते अशा पट्ट्यात वाढतात. त्याखालील उघडा चिखलपट्टा ओसाड नसतो. तो असंख्य सूक्ष्म जीवांचे आगर व फ्लेमिंगो आणि अन्य स्थलांतरित पक्ष्यांचे अन्नक्षेत्र असतो. तेथे झाडे लावणे म्हणजे एक परिसंस्था वाचविण्याच्या नादात दुसरी मोडणे होय. तिवराची फळे पावसाळ्यात गळून पाण्याबरोबर पसरतात. पाण्याचा मार्ग मोकळा असेल व जवळ बीज देणारी झाडे असतील, तर कांदळवन स्वतःच उभे राहते. म्हणून रोपे लावण्यापूर्वी 'येथे झाड का नाही?' हा प्रश्न विचारणे हा रोपणाचा पहिला धडा मानावा. पुष्कळदा उत्तर 'रोपे नाहीत म्हणून' असे नसून 'पाणी अडविले आहे म्हणून' असे मिळते.

७.५ नोंद व पाठपुरावा : कांदळवन नष्ट करण्यासाठी कुऱ्हाडच लागते असे नाही. भराव टाकून अथवा बांध घालून भरतीचे पाणी तोडले की झाडे हळूहळू वाळतात. हा बदल दुरून येणाऱ्या अधिकाऱ्यास उशिरा दिसतो. दर पंधरवड्यास त्याच जागी उभे राहून छायाचित्र घेणाऱ्या विद्यार्थ्यास तो लवकर कळतो. तारीख, तिथी, वेळ, ठिकाण, पाण्याची स्थिती आणि निरीक्षण असा साधा तक्ता पुरेसा आहे. निरीक्षण व अनुमान वेगळे लिहावे. 'भराव टाकला' असे न लिहिता 'गेल्या खेपेस नसलेला मातीचा ढीग आज दिसला' असे लिहिण्याची सवय लावावी. तक्रार करताना अशीच नोंद उपयोगी पडते. विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष अडवणूक वा वादावादी करू नये. नोंद संस्थेमार्फत वनविभाग व महानगरपालिकेकडे पाठवावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. अर्ज लिहिणे, पोच घेणे, स्मरणपत्र देणे हीदेखील संवर्धनाची कौशल्ये आहेत.

८. धारण तलावांचा पेच

राखणीच्या शिक्षणात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सरळ असते असे नाही. नवी मुंबईचा काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहे. म्हणून शहर वसविताना नाल्यांच्या मुखाशी धारण तलाव बांधण्यात आले. भरतीच्या वेळी झडपा मिटतात व पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटीला ते खाडीत जाते. वस्तुतः ही जुन्या उघाडीचीच मोठी आवृत्ती होय. फरक इतकाच की, उघाडीची काळजी गाव घेई. तलाव मात्र रहिवाशांच्या गावीही नसतो.

कालांतराने या तलावांत गाळ साचला आणि त्या गाळावर कांदळ उगवले. गाळ काढला नाही तर साठवणक्षमता घटून पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरण्याचा धोका. काढावयाचा तर कायद्याने संरक्षित झाडे आड येतात आणि न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्न उपस्थित होतो. पूरनियंत्रण व कांदळवन ही दोन्ही सार्वजनिक हिताचीच बाजू आहे. विद्यार्थ्यांसमोर हा पेच जसाच्या तसा ठेवावा. एका गटाने गाळाची जाडी व पाण्याच्या वाटा, दुसऱ्याने झाडे व पक्षी, तिसऱ्याने लगतच्या रहिवाशांचे पावसाळी अनुभव नोंदवावेत आणि मग एकत्र चर्चा करावी. गाळ मुळात येतो कोठून, हा प्रश्न विचारला की शोध नाल्यावाटे वर वर जात डोंगरउतारापर्यंत पोहोचतो. झीज तेथे थांबविणे हा तलावातील झाडे तोडण्यापेक्षा अवघड, पण अधिक टिकाऊ उपाय आहे, हे अशा चर्चेतून विद्यार्थ्यांच्या ध्यानी येते.

९. महाराष्ट्रातील अन्य अनुभव

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाचे उदाहरण या संदर्भात अनन्यसाधारण आहे. वनहक्क कायदा, २००६ नुसार २००९ मध्ये या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु त्यापूर्वी अनेक वर्षे गावात अभ्यासगटांची परंपरा रुजली होती. गावकरी एकत्र बसून जंगल, कायदा व गावकारभार यांचा अभ्यास करीत आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने घेत. हक्काआधी अभ्यास, हा या गावाचा धडा आहे.

दुसरे उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले येथील. तेथील स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी मांडवी खाडीत २०१७ पासून कांदळवन सफर सुरू केली. मासेमारीशी संबंधित कुटुंबांतील या स्त्रियांनी झाडांची शास्त्रीय माहिती शिकून घेतली व त्या स्वतः पर्यटकांना खाडी दाखवू लागल्या. शिकणारी व्यक्ती शिकविणारी झाली आणि त्यातून उपजीविकाही मिळाली. त्याच वर्षी शासनाने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना सुरू करून गावपातळीवर सहव्यवस्थापन समित्यांची कल्पना मांडली.

मेंढ्यात जंगलावर गावाचे जीवन अवलंबून आहे. जुईनगरच्या सदनिकाधारकाचे तसे थेट अवलंबित्व नाही. हा फरक मान्य केला पाहिजे. तरीही येथील मूळ गावांतील मच्छीमारांचे अवलंबित्व आजही आहे, आणि पूर आला तर सदनिकाधारकाचेही तळघर सुटत नाही. या दोहोंना एका बाकावर आणणे हे महाविद्यालयाचे काम ठरू शकते.

१०. अडचणी व मर्यादा

कृतिशील शिक्षणातील काही अडचणी वास्तव आहेत. ओहोटीची वेळ महाविद्यालयाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. कांदळवनात प्रवेश व काम यांसाठी वनविभागाची परवानगी लागते, आणि ती योग्यच आहे. विद्यार्थिनींच्या पालकांना सुरक्षिततेची चिंता वाटते. शिक्षकांचे क्षेत्रकार्याचे प्रशिक्षण अपुरे असते. सर्वांत मोठी अडचण सातत्याची आहे. विद्यार्थी तीन वर्षांत बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर नोंदवह्याही नाहीशा होतात. शिवाय नोंद करूनही कार्यवाही न झाल्यास विद्यार्थ्यांत निराशा येते. ती टाळण्यासाठी अपेक्षा प्रारंभीच स्पष्ट कराव्यात : राखणदार सर्व काही थांबवू शकत नाही, परंतु घडलेले नोंदीवाचून राहू देत नाही.

११. निष्कर्ष

१) जुईनगर परिसरात डोंगर, नाला, धारण तलाव, कांदळवन व खाडी ही सलग साखळी असल्याने कृतिशील शिक्षणास तो अत्यंत अनुकूल आहे.
२) बाहेरकाठा व उघाडी यांच्या परंपरेतील पाण्याचे ज्ञान आजच्या शहरी व्यवस्थेसही उपयुक्त आहे.
३) अयोग्य जागी केलेले रोपण हानिकारक ठरते, निरीक्षण हे कृतीच्या आधी यावयास हवे.
४) कायदे व अभ्यासक्रम यांची चौकट उपलब्ध आहे, अभाव सातत्यपूर्ण स्थानिक उपस्थितीचा आहे.

१२. शिफारशी

१) प्रत्येक महाविद्यालयाने वनविभागाच्या परवानगीने एक निश्चित खाडी अथवा नाला पट्टा किमान पाच वर्षांसाठी अभ्यासास निवडावा.
२) राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांपैकी ठरावीक तास त्याच जागेसाठी राखून ठेवावेत व तिथीनुसार वार्षिक वेळापत्रक आखावे.
३) नोंदवही विद्यार्थ्याची न मानता ग्रंथालयाची मालमत्ता मानावी, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस ती समारंभपूर्वक सोपवावी.
४) जैविक विविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. विद्यार्थ्यांच्या तपासलेल्या नोंदी या समितीस दरवर्षी सादर कराव्यात.
५) मच्छीमार व मूळ ग्रामस्थांना मानधन देऊन अतिथी मार्गदर्शक म्हणून निमंत्रित करावे.
६) गुणदान अहवालाच्या सजावटीस नव्हे, तर नोंदींच्या नियमिततेस व प्रामाणिकपणास द्यावे.

१३. समारोप

नवी मुंबईत फ्लेमिंगोंची चित्रे व शिल्पे ठिकठिकाणी दिसतात. शहराने पक्ष्यास आपले चिन्ह मानले, ही आनंदाची बाब आहे. परंतु चिन्ह जपण्यास रंग पुरतो. पक्षी जपण्यास चिखल, पाणी आणि ते पाणी येण्या-जाण्याची वाट जपावी लागते. ती वाट कोठून जाते हे जुईनगरच्या एखाद्या विद्यार्थ्याला बोट दाखवून सांगता आले, गेल्या वर्षी ती कशी होती हे नोंदवहीतून दाखविता आले आणि पुढील वर्षी ते काम कोण करणार हे ठाऊक असले, तर पर्यावरण शिक्षणाचा हेतू साध्य झाला असे म्हणता येईल. उघाडीशी उभा राहणारा शेतकरी आता तेथे नाही. त्याची जागा घेणारा राखणदार घडविणे, ही आजच्या शिक्षणसंस्थांची जबाबदारी आहे.